माकड पडलं, तिथून पुढे

पुण्यामुंबईत प्लेगचा काळ पाहिलेली माणसं आता उरली नाहीत. त्यांचा एक शब्दप्रयोग मात्र घराघरांत पुढे बराच काळ टिकून होता: 'उंदीर पडले'. आढ्यावरून, वळचणीतून उंदीर खाली पडू लागले की घर सोडायचं आणि गावाबाहेर झोपडी घालून राहायचं, एवढं शहाणपण लोकांनी मरणं पाहून मिळवलं होतं. १८९६ मध्ये प्लेग मुंबईत शिरला आणि पाठोपाठ पुण्यात आला. उंदरापासून माणसापर्यंत तो पिसवेमार्फत पोचतो हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने कराचीतल्या प्रयोगातून दाखवलं, ते १८९८ मध्ये. डॉक्टरमंडळींचा त्यावर विश्वास बसायला आणखी काही वर्षं गेली. ज्यांनी उंदीर पडताना पाहिले होते, त्यांना पटवून देण्यासारखं त्यात फार काही नव्हतं.

२०१६च्या जानेवारीत दोडामार्ग तालुक्यात लोक तशाच आवाजात बोलू लागले, 'माकडं पडतायत.' या पुस्तकाची लेखिका तेव्हा पशुवैद्यकाच्या शेवटच्या वर्षाला होती आणि सुटीत घरी आली होती. काजूच्या बागेत, व्हाळाच्या काठाला, एके ठिकाणी तर घरामागच्या कुंपणाशी वानरं मरून पडलेली. त्यानंतर आठ-पंधरा दिवसांत त्याच वाडीतली माणसं तापाने आडवी झाली. तिने मला फोन केला. मी तेव्हा तिला शिकवत होतो. तिचा पहिला प्रश्न आमच्या विद्यार्थ्याला शोभणारा होता. "सर, हे कशाने मेलं असेल?" हात लावू नकोस, हे मी तिला आधी निक्षून सांगितलं आणि मग वनखात्याला आणि आरोग्य केंद्राला कळवायला लावलं. दोन दिवसांनी पुन्हा फोन. "सर, पलीकडच्या डोंगरावरही वानरं आहेत. तिथे एकही मेलेलं नाही. मग इथेच का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तीस वर्षं मी रोगनिदान शिकवलं, म्हणजे समोर आणलेल्या जनावराला काय झालंय ते ओळखायला शिकवलं. जे जनावर समोर आलंच नाही ते का जगलं, हा प्रश्न आमच्या अभ्यासक्रमात नव्हता. त्या दुसऱ्या फोनपासून तिची वाट बदलली, आणि पुढच्या सात-आठ वर्षांत ती कुठून कुठून गेली त्याची हकिगत म्हणजे हे पुस्तक. त्याला प्रस्तावना लिहिताना लेखिकेविषयी मी कमीच बोलणार आहे. ती स्वतःविषयी पुरेशा प्रामाणिकपणे बोलली आहे. ज्या विषयात ती शिरली तो मराठी वाचकाला नवा आहे, म्हणून त्याचीच ओळख करून देतो.

वन्यजीवांच्या रोगांचं परिसंस्थाशास्त्र, अभ्यासकांच्या रोजच्या बोलण्यात डिसीज इकॉलॉजी. रोगजंतू, तो ज्यांच्या अंगात राहतो ते प्राणी, त्याची ने-आण करणारे किडे, आणि हे सगळे जिथे एकमेकांना भेटतात ती जागा आणि तो ऋतू यांचा एकत्र विचार या विषयात होतो. गीरमध्ये २०१८च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात तेवीस सिंह मेले आणि त्यांतल्या काहींमध्ये कुत्र्यांच्या डिस्टेंपरचा विषाणू सापडला. पशुवैद्य विचारतो, सिंह वाचवायचा कसा? या विषयातला माणूस त्याबरोबर आणखी विचारतो, की गीरभोवतीच्या गावांत कुत्री किती, ती शिकारीच्या उरलेल्या मांसावर येतात का, आणि एका कळपातून दुसऱ्या कळपात विषाणू जायला सिंहांच्या कोणत्या सवयी कारणी पडतात. सोलापूरजवळ नान्नजच्या माळरानावर गावकुत्री आणि खोकड यांच्यातल्या रोगांचा असाच अभ्यास झालेला आहे. म्हणजे हा विषय आपल्यापासून दूर नाही.

लेखिकेच्या वाट्याला आला तो माकडताप. त्याचं शास्त्रीय नाव क्यासनूर फॉरेस्ट डिसीज. शिमोगा जिल्ह्याच्या सोरब तालुक्यातल्या क्यासनूरच्या जंगलात १९५७ मध्ये माकडं मरू लागली आणि आसपासच्या गावांत माणसं तापाने फणफणली. तपासाला पुण्याची माणसं गेली. पुण्यात १९५२ मध्ये स्थापन झालेलं व्हायरस रिसर्च सेंटर, म्हणजे आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, तेव्हा टेलफर्ड वर्क यांच्या हाताखाली होतं. पहिली शंका पीतज्वराची आली आणि ती धडकी भरवणारी होती. दक्षिण अमेरिकेत माकडं मरणं ही पीतज्वराची वर्दी मानली जाते. तो रोग भारतात कधी आला नव्हता, पण त्याला लागणारा डास इथे घराघरांत होता. तपासणीत निघालं भलतंच. हा विषाणू डासाचा नव्हता, गोचिडाचा होता, आणि त्याची जवळची भावंडं रशियाच्या थंड जंगलांत राहणारी होती.

सैबेरियाकडचा विषाणू शिमोग्यात कसा? स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांच्या अंगावरून गोचीड आले असतील, अशी एक अटकळ बांधली गेली. ती तपासण्याच्या निमित्ताने जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने सालिम अली आणि बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी यांनी पक्ष्यांच्या पायांत कडी घालण्याचं मोठं काम हाती घेतलं. पक्ष्यांनी हा विषाणू आणल्याचा पुरावा काही मिळाला नाही. भारतात येणारे पक्षी कुठून येतात, कुठे जातात याची जी माहिती त्या कड्यांमुळे जमली, ती मात्र पुढच्या पिढ्यांना पुरली. चुकीच्या अटकळीतूनही ज्ञान वाढतं, हे पीएचडीच्या दुसऱ्या वर्षात अडकलेल्या कुठल्याही मुलाला मी आवर्जून सांगतो.

या सगळ्या इतिहासात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो होर्हे बोशेल यांचा १९६९ मधला लेख. ते पुण्याच्या केंद्रातर्फे त्या जंगलात काम करत होते आणि त्यांनी बोट ठेवलं गाईवर. ते समजून घ्यायला गोचिडाचं वर्ष माहीत हवं. हिमॅफायसॅलिस स्पिनिजेरा नावाचा हा रानगोचीड आयुष्यात तीनदा रक्त पितो, आणि दर वेळी निराळ्या प्राण्याचं. पावसाळ्यात पूर्ण वाढलेली मादी रानात चरणाऱ्या गुरासारख्या मोठ्या जनावराचं रक्त पिऊन टम्म होते, गळून पडते आणि पातेऱ्यात अंडी घालते. पाऊस सरला की त्यांतून मोहरीहून बारीक पिल्लं निघतात. ती उंदीर, चिचुंद्री, जमिनीवर उतरणारे पक्षी, माकडं, जे मिळेल त्याला चिकटतात. त्यांतल्या कुणाच्या रक्तात विषाणू असेल तर तो पिल्लाच्या अंगात शिरतो, आणि ते कात टाकून मोठं झालं तरी तिथेच राहतो. हिवाळा संपता संपता मधल्या अवस्थेतले गोचीड पातेऱ्यावर बसून वाट पाहू लागतात, आणि माणसाला चावतात ते मुख्यतः हेच. तोच काळ काजूच्या बिया वेचण्याचा, लाकूडफाटा आणण्याचा, भाजावळीसाठी पातेरा गोळा करण्याचा.

गाईला या विषाणूने काही होत नाही आणि तिच्या रक्तातून तो फारसा पुढेही जात नाही. पण ती गोचिडांचं पोट भरते. बोशेल यांचं म्हणणं असं होतं, की जंगल तोडून मध्येच शेती-वस्ती झाली, कडेच्या झुडुपात गुरं चरू लागली, त्यामुळे गोचीड बेसुमार वाढले, आणि रानात कोपऱ्यात गुपचूप फिरत असलेला विषाणू उघड्यावर आला. परदेशातून कुणी आणलेला पाहुणा शोधण्याऐवजी आपल्याच गोठ्यापासून रानापर्यंतची पायवाट पाहा, असं ते सांगत होते. अलीकडे कर्नाटकातल्या रुग्णांच्या नकाशांवर झालेल्या अभ्यासातही दाट सदाहरित रान, त्याला चिकटलेल्या बागा आणि भरपूर गावठी गुरं असा मिश्र मुलूख जास्त धोक्याचा निघाला. सिंधुदुर्गातला माणूस हे वाक्य वाचेल तर त्याला स्वतःच्या गावाचं वर्णन वाचल्यासारखं वाटेल.

लेखिकेला तसंच वाटलं. गोचीड तिला लहानपणापासून माहीत होता, म्हशीच्या कानातून काढून चुलीत टाकायची वस्तू म्हणून. गोठ्यातले बहुतेक गोचीड निराळ्या जातीचे असतात आणि रानातून परतलेल्या गाईच्या अंगावर त्यांच्यात हे रानगोचीड मिसळलेले असतात, हे तिला भिंगाखाली पहिल्यांदा दिसलं तो प्रसंग तिने तिसऱ्या प्रकरणात लिहिला आहे. पुस्तकातलं माझं सर्वांत आवडतं पान ते.

माकडताप पन्नासेक वर्षं शिमोगा आणि त्याच्या शेजारच्या जिल्ह्यांतच राहिला. मग २०१२ पासून बंदीपूर, निलगिरी, वायनाड इथून खबरा येऊ लागल्या. २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात पाली गावात काजूच्या बागांत राबणारी माणसं आजारी पडली आणि पुढच्या वर्षी दोडामार्ग. शंभर रुग्णांमागे तीन ते पाच दगावतात. बाकीचे वाचतात, पण ऐन हंगामात आठवडेच्या आठवडे अंथरुणात जातात, आणि काजूवर ज्यांचं वर्ष चालतं त्यांना ते परवडत नाही. हा रोग खरोखर उत्तरेकडे सरकला, की तो इथे आधीपासून होता आणि आपण आता पाहायला लागलो? लेखिकेच्या प्रबंधाचा गाभा हा प्रश्न आहे आणि तो वाटतो त्यापेक्षा पुष्कळ अवघड आहे.

या प्रश्नापर्यंत यायला तिला तीन विद्या शिकाव्या लागल्या, आणि त्या तीन निराळ्या इमारतींत शिकवल्या जातात. पशुवैद्यक विभागाने सांगितलं, हा विषय पर्यावरणाचा. पर्यावरणवाल्यांनी सांगितलं, हा तर रोगाचा. दोन वर्षं ती या दारातून त्या दारात गेली. त्याबद्दल तिने कुठेही कडवट लिहिलेलं नाही. मला मात्र अजून वाईट वाटतं, कारण त्यातल्या एका दारात मीही होतो. तिसरी विद्या गणिताची. पशुवैद्यकाची मुलं बारावीनंतर गणितापासून सुटल्याचा आनंद मानतात, आणि इथे त्याच्याशिवाय पान हलत नाही. रोनाल्ड रॉस यांनी १८९७ मध्ये सिकंदराबादला डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू पाहिला, आणि पुढे त्यांनीच मलेरियाचं गणित मांडलं. १९२७ मध्ये कर्मॅक आणि मकेन्ड्रिक यांनी साथीच्या चढउताराची समीकरणं लिहिली. त्यांतले मकेन्ड्रिक हिंदुस्थानात वैद्यकीय सेवेत राहून गेलेले, आणि त्या लेखात समीकरण पडताळायला घेतलेले आकडे होते मुंबईच्या १९०५-०६ मधल्या प्लेगच्या मृत्यूंचे. जगभर या विषयाचे विद्यार्थी पहिल्या सत्रात ती समीकरणं सोडवतात. त्यांच्या पायाशी गिरगाव-मांडवीच्या चाळींतली मरणं आहेत. लेखिकेला हे कळलं तेव्हा गणित एकदम घरचं वाटू लागलं, असं ती म्हणते, आणि मला ते पूर्ण पटतं. १९७९ मध्ये रॉय अँडरसन आणि रॉबर्ट मे यांनी हे गणित प्राण्यांच्या संख्येला जोडलं. रोग रानातल्या प्राण्यांची संख्या आवरून धरू शकतो हे त्यांनी दाखवलं, आणि आजचा हा विषय तिथून उभा राहिला.

रानातलं काम ऐकायला सोपं आहे. मीटरभर लांबीरुंदीचं पांढरं फ्लॅनेलचं फडकं काठीला बांधून पातेऱ्यावरून ओढत न्यायचं. ठरावीक पावलांनी थांबून ते उलटायचं, चिकटलेले गोचीड चिमट्याने उचलून कुपीत घालायचे, आणि कुपीवर जागा, वेळ, हवामान लिहायचं. मार्चच्या कोकणी उकाड्यात अंगभर कपडे, पायमोजे पँटवर ओढलेले, अंगाला गोचीड पळवणारं तेल. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या माणसांनाही या विषाणूची लागण झाल्याच्या नोंदी आहेत, म्हणून जिवंत विषाणू हाताळायची परवानगी अगदी मोजक्या ठिकाणी असते. पुण्यात २०१२ पासून असलेली सर्वोच्च सुरक्षेची प्रयोगशाळा त्यांतली एक. या कुप्यांचा निकाल यायला महिने लागतात.

आणि निकाल आला तो शून्य. पहिला हंगाम शून्य, दुसरा शून्य. हजारो गोचीड आणि एकातही विषाणू नाही. रोगाला शिष्यवृत्तीचं वेळापत्रक माहीत नसतं. एका वर्षी तो उसळतो आणि पुढची दोन वर्षं गप्प बसतो. त्या काळातलं तिचं एक पत्र माझ्याजवळ आहे. तिला विषय बदलायचा होता. मी तिला लिहिलं, की रोग नसलेल्या रानाची मोजदाद कुणीच केलेली नाही, ती कर. पुस्तकाचं पाचवं प्रकरण त्या दोन शून्यांवर आहे. पुढे संशोधन करू पाहणाऱ्यांनी ते आधी वाचावं.

सहाव्या प्रकरणात तिने एक नकाशा दिला आहे, आणि मला वाटतं तिचं खरं योगदान तिथे आहे. मेलेल्या माकडांच्या जागा नकाशावर मांडल्या तर त्या रस्त्यांच्या, वाड्यांच्या, बागांच्या कडेने ओळीने येतात. पाहणाऱ्याला सहज वाटेल, रोग वस्तीजवळ आहे. पण आत दाट रानात मेलेलं माकड पाहतो कोण? दोन दिवसांत ते कुजतं, रानडुकरं आणि मुंगसं उरलंसुरलं नेतात. जे सापडतं तेही पुष्कळदा तपासणीच्या पलीकडे गेलेलं असतं. शिवाय जिवंत माकडं किती हे कुणी मोजलेलं नसतं. दहांतली पाच मेली की दोनशेतली पाच, सांगता येत नाही. म्हणजे तो नकाशा माकडांच्या मरणाइतकाच माणसांच्या चालण्याचा आहे. हे एकदा लक्षात आल्यावर तिने वाड्यांतली माणसं रोज कुठवर जातात ते नोंदवलं, आणि मग ते चालणं वजा केल्यावर काय उरतं ते पाहिलं. उत्तर काय आलं ते मी इथे सांगत नाही. तिथवर पोचायचा रस्ता तिच्याच शब्दांत वाचावा. माकड हे विषाणूचं घर आहे की नुसती त्याची वर्दी, या जुन्या वादाकडे मी आता निराळ्या नजरेने पाहतो, एवढंच म्हणतो.

एक इशारा या विषयात येणाऱ्या प्रत्येकाला द्यायला हवा, आणि तो गिधाडांनी दिलेला आहे. नव्वदच्या दशकात भारतातली गिधाडं मान टाकून झाडांवर बसू लागली आणि पटापट मेली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या शेकडा नव्वदच्याही पुष्कळ वर घटली. जाणत्या संशोधकांना वाटलं, एखादा नवा विषाणू असणार. लक्षणं तशीच होती. वर्षं त्या शोधात गेली. २००४ मध्ये पाकिस्तानात झालेल्या अभ्यासातून कारण कळलं, डायक्लोफेनॅक. गुरांच्या सांधेदुखीवर दिलेलं औषध, मेलेल्या गुराच्या मांसातून गिधाडाच्या मूत्रपिंडात. भारताने २००६ मध्ये जनावरांसाठी ते बंद केलं. ते इंजेक्शन मी स्वतः कितीतरी म्हाताऱ्या बैलांना दिलेलं आहे, उपकार करतोय अशा भावनेने, आणि त्यांतला एखादा मेल्यावर गावकुसाबाहेर टाकला गेला असेल तेव्हा त्याच्यावर कोण उतरलं, हा विचार माझ्या मनाला शिवला नव्हता. ते दुःख माझ्याबरोबर राहणार आहे. लेखिकेची पिढी तो विचार आधी करते. म्हणून तिच्या पहिल्या प्रश्नापेक्षा दुसऱ्या प्रश्नाचं मोल मला इतकं वाटतं.

कोकणातला शेतकरी माकडांनी जेरीस आलेला आहे. नारळ, केळी, काजूची बोंडं, काही हाती राहत नाही. अशा ठिकाणी 'माकडताप' हे नावच माकडाच्या जिवावर उठू शकतं. लेखिकेला हे गावातच जन्मल्यामुळे पुरतं ठाऊक होतं. गोळी घातलेलं किंवा विष घातलेलं माकडही जमिनीवर पडतं, आणि त्याच्या अंगावरचे भुकेले गोचीड तिथेच पातेऱ्यात उतरतात, हे तिने शाळांत, देवळाच्या मांडवात, काजू सोसायटीच्या ओट्यावर बसून सांगितलं. मेलेल्या माकडाजवळ जाऊ नका, गुरं तिकडे नेऊ नका, कळवा. शेतकऱ्याच्या नुकसानीची बाजूही ती टाळत नाही. त्या प्रकरणात तिच्या वडिलांच्या बागेचा हिशेब आहे.

तिच्या वहीत शेवटी एक यादी आहे, पुस्तकात ती परिशिष्ट म्हणून घेतली आहे, माणसांची नावं गाळून. चौथ्या हंगामात आलेल्या फोनांची ती यादी. वाडी, वेळ, आणि फोन करणाऱ्याने उच्चारलेले पहिले शब्द. त्यांतला बावीस फेब्रुवारीचा, सकाळी सव्वासातचा, असा: "बाय, व्हाळाच्या पलतडी वांदर मरान पडलो हा. हात लावूक नाय. कालपासून थय कोणाक जावक देवक नाय. आणि वयल्या रानात काल बारा मोजलंय, जित्ते."